चोवीस तासांत पंचवीस हजार

माजी सैनिक साहाय्य मंडळाचे हिशेब मी पहिल्यांदा तपासले तेव्हा मंडळाला पाच वर्षं झाली होती, सभासद बावन्न होते आणि बादल्या बेचाळीस. कार्यालय म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. त्या खोलीत नळ नव्हता. तरीही बादल्या एकात एक घालून छतापर्यंत तीन मनोरे रचलेले, शेजारी अठरा बॅटऱ्या, नऊ फावडी आणि न उघडलेले हिरव्या रंगाचे सात डबे. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या अक्षरांत क्रमांक. नोंदवहीशी ताडून पाहिलं, तर एक फावडंसुद्धा इकडचं तिकडे नव्हतं. हिशेब चोख होता, फक्त त्याचा अर्थ लागत नव्हता.

"एवढ्या बादल्या कशाला लागतात?" मी खजिनदारांना विचारलं.

खजिनदार म्हणजे सैन्यात बावीस वर्षं कोठारावर कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. बादली म्हणजे काय हेच या माणसाला ठाऊक नसावं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बादल्या लागत नाहीत," ते म्हणाले. "पैसे उरले होते."

"मग?"

"मग वर्षअखेरीच्या आत संपवायला नकोत? उरले तर वरचे परत घेतात, आणि पुढच्या वर्षी तेवढे कापून देतात. तुम्ही ऑडिटर ना?"

"ऑडिटरच आहे. पण हे पैसे तुमच्या वर्गणीचे आहेत. वरचे म्हणजे कोण?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. अध्यक्ष तिथेच खुर्चीत बसले होते. ते सैन्यातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले आणि गावात कॅप्टनसाहेब म्हणूनच ओळखले जाणारे. त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. छताला हिरवा रंग होता. एका वर्षी घ्यायला काहीच न सुचल्यामुळे तो एकाच आठवड्यात दोनदा दिला होता, हे मला नंतर व्हाउचरवरून कळलं.

"हं," कॅप्टनसाहेब म्हणाले. "मुद्दा आहे."

पाच वर्षांत मंडळानं अशा रीतीनं एक लाख दहा हजार संपवले होते. त्यात कोणी एक पैसा खाल्ला नव्हता. खाल्ला असता तर निदान कोणाच्या तरी उपयोगी पडला असता.

त्या दिवसापासून खजिनदारांचा जो कायापालट झाला तो मी सव्वीस वर्षं पाहत आलो. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, मला पुढे सांगितलं, "दोन दिवस जेवले नाहीत हो भाऊजी. मला वाटलं, कोणी गेलं की काय. विचारलं तर म्हणतात, एक लाख दहा हजार गेले." तिसऱ्या दिवशी ते उठले, बादल्यांचा लिलाव करून एकवीसशे जमा केले आणि त्यानंतर मंडळाच्या पेटीतून पैसा बाहेर काढणं म्हणजे दाढ उपटण्यासारखं झालं. खुर्चीचा पाय मोडला तर ते ती भिंतीला टेकवून ठेवत. पंखा बंद पडला तर खिडकी उघडत. खिडकीची काच फुटली, तेव्हा "आता पंख्याची गरजच नाही," असं त्यांनी सभेला लेखी कळवलं. काहीही मागितलं की उत्तर ठरलेलं, "शिल्लक राहू दे." वर्षभरात त्यांचं मूळ नाव मागे पडलं आणि सगळे त्यांना शिल्लकभाऊ म्हणू लागले. त्यांनी ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं.

एका बाबतीत मात्र ते कधी शिल्लक ठेवत नसत. ती बाब म्हणजे नियम क्रमांक नऊ.

मंडळाचा जन्मच या नियमासाठी झाला होता. एक माजी ड्रायव्हर अचानक वारला. त्याच्या बायकोच्या पेन्शनचे कागद सात महिने फिरत राहिले आणि तिनं नवऱ्याला निरोप दिला तो उसन्या पैशांवर. ते पाहून कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांना जमवलं. सभासद गेला की चोवीस तासांच्या आत खजिनदारानं स्वतः जाऊन त्याच्या घरी रोख रक्कम द्यायची, एवढं एकमतानं ठरलं. किती द्यायची यावर कोणी दहा हजार म्हणालं, कोणी पंधरा. कॅप्टनसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाले, "पंचवीस!" टाळ्या झाल्या. आकडा त्या टाळ्यांतून आला. वर्गणी किती, वयं काय, सगळेच कधी ना कधी जाणार आहेत की काय, हे कोणी विचारलं नाही. आणि एकदा लिहिला गेल्यावर तो आकडा हुकूम झाला.

तो हुकूम शिल्लकभाऊंनी पाळला. निरोप आला की ते कपाटातून पाकीट काढत, नोटा दोनदा मोजत आणि सायकलवर टांग टाकत. किती वेळात पोहोचले याचीही नोंद ठेवत. उत्तम वेळ दोन तास चाळीस मिनिटं. पाकीट हातात देऊन ते दारातूनच परत येत. पावतीवर सही महिन्याभरानं घेत. पैसे दिले त्याच दिवशी सही हवी, असा आक्षेप मी पहिल्याच वर्षी काढला.

"त्या दिवशी त्या बाईच्या हातात पेन देऊ?" ते म्हणाले. "तुम्ही आक्षेप लिहा, साहेब. तुमचं काम आहे."

मी दर वर्षी आक्षेप लिहिला. दर वर्षी त्यांनी खाली लाल पेनानं "नोंद घेतली" असं लिहिलं.

पैसे साठवायचे, पण हे देणं तर टळणार नाही, हा पेच त्यांनी कोठाराच्या पद्धतीनं सोडवला. खर्चाची बाब टळत नसेल तर खप कमी करायचा. अंदाजपत्रकात त्यांनी एक तक्ता घातला. त्यात लिहिलेलं असे, "अंदाजे मृत्यू, तीन. प्रत्यक्ष मृत्यू, एक. बचत, पन्नास हजार." वार्षिक सभेत कॅप्टनसाहेब हा तक्ता मोठ्यानं वाचून दाखवत आणि न गेलेल्या सभासदांचं मंडळातर्फे अभिनंदन करत. ज्यांचं अभिनंदन होई ते एकमेकांकडे जरा अस्वस्थपणे पाहत.

मग तीन दुकानांतून भाव मागवून शिल्लकभाऊंनी बीपीचं मशीन घेतलं. सव्वीस वर्षांत स्वतःहून केलेली ती त्यांची एकमेव खरेदी. दर मंगळवारी ते सायकलवरून घरोघर जात, दंडाला पट्टा बांधत, फुगा दाबत आणि आकडा वहीत लिहीत. सभासदांच्या बायका त्यांच्या खबरी झाल्या. सैन्यात तीस वर्षं शेकडो माणसांचं जेवण रांधलेला एक स्वयंपाकी होता. त्याचं वजन हा मंडळाच्या आर्थिक स्थैर्याला मोठा धोका होता. एका मंगळवारी मी काही कामासाठी शिल्लकभाऊंबरोबर त्याच्या घरी गेलो होतो.

"एकशे साठ," शिल्लकभाऊ म्हणाले. "तळलेलं किती खाल्लंस?"

"नाही खाल्लं."

"खोटं बोलतायत," आतून बायकोचा आवाज आला. "काल रात्री सहा."

"सहा काय? कुणी विचारलं तुला?"

"विचारलं नाही, म्हणून तर आपणहून सांगतेय."

"हे बघ," शिल्लकभाऊ पट्टा सोडत म्हणाले, "यंदाच्या अंदाजात दोघं आहेत. दोघंही झाले. तू आता बसत नाहीस त्यात."

"म्हणजे पुढच्या वर्षी चालेल?"

"पुढच्या वर्षी ठेव मोडावी लागेल. त्याच्या पुढच्या वर्षी बघू."

सिगारेट ओढणाऱ्यांची पाकिटं ते जप्त करत आणि त्याची पावती देत. बिगुलवाल्यानं एकदा शपथेवर सांगितलं की त्यानं सिगारेट सोडली आहे. खिशात पाकीट सापडलं, तर म्हणाला, "सोडली होती भाऊ, पण ती परत कामावर रुजू झाली." मंडळाच्या पंचविसाव्या वर्षी कॅप्टनसाहेबांना चौकात एक स्तंभ उभारायचा होता. दिवंगत सभासदांची नावं कोरलेला, संगमरवरी, पाऊण लाखाचा. शिल्लकभाऊंनी सभेत फक्त एवढंच विचारलं, "साहेब, नावांसाठी रिकाम्या ओळी किती सोडायच्या?" हजर असलेल्या प्रत्येकानं मनातल्या मनात एक ओळ मोजली आणि ठराव बारगळला.

माणसं त्रासली, पण जगली. माझ्या माहितीत लोकांचं आयुष्य वाढवणारी अनेक खाती आहेत. त्यांतलं केवळ ताळेबंद जुळावा म्हणून ते काम करणारं हे एकच.

तरीही शेवटी वय कोणाचंही ऐकत नाही. गेल्या वर्षी एकाच हिवाळ्यात सहाजण गेले. पहिला बिगुलवाला. शिल्लकभाऊ सहाही दारांत पोहोचले, शेवटच्या दारात तीन तास दहा मिनिटांत, कारण आता सायकल चढावर हातात धरून न्यावी लागत होती. वर्षअखेरीला मी हिशेब तपासला. सभासद उरले एकोणीस. सगळ्यात तरुण एकाहत्तरचा. एकोणीस गुणिले पंचवीस हजार, म्हणजे पुढेमागे देणं चार लाख पंचाहत्तर हजार. निधी तीन लाख चार हजार. तूट एक लाख एकाहत्तर हजार. नवीन सभासद येण्याची शक्यता नव्हती आणि ज्यांच्याकडून देणग्या यायच्या ते व्यापारीही म्हातारे झाले होते. मी शेरा लिहिला की शेवटच्या सहा-सात कुटुंबांना नियम क्रमांक नऊप्रमाणे काहीही मिळणार नाही. शिल्लकभाऊंनी तो दोनदा वाचला. या वेळी त्यांनी "नोंद घेतली" असं लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे यंदा, मी तपासणीला बसलो तो त्यांच्या घरी. कार्यालयाचे जिने आता बहुतेकांना चढवत नव्हते, म्हणून वह्या घरी आणल्या होत्या. बाहेरच्या खोलीत टेबलावर आम्ही दोघं आणि मागे पलंगावर वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या.

"सभासद अठरा कसे?" मी विचारलं. "गेल्या वर्षी एकोणीस होते. यंदा तर कोणी गेलं नाही."

"एक कमी केला."

"कमी केला म्हणजे? वारला?"

"वारला असता तर पंचवीस हजार गेले असते. कमी केला, म्हणजे तेवढे वाचले."

"पण कोण?"

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "मी."

मागचा कपडे झटकल्याचा आवाज थांबला.

"मी म्हणजे कोण मी?" वहिनींनी विचारलं.

"मी म्हणजे मीच. सभासदत्वाचा राजीनामा दिला. तीन महिने झाले."

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"वार्षिक अहवालात आहे. पान सहा."

वहिनी उठून टेबलाजवळ आल्या. शिल्लकभाऊंनी मग माझ्याकडे बघत, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, सगळं मांडलं. ते एक लाख दहा हजार तेव्हाच बँकेत ठेवले असते तर व्याजासकट आज साडेतीन लाखांच्या घरात गेले असते. म्हणजे तूट उरलीच नसती. म्हणजे तूट त्यांनीच केलेली. मग दुसऱ्याच्या घरी पाकीट न पोहोचण्यापेक्षा स्वतःच्या घरी न पोहोचलेलं बरं.

"तुमच्या घरी म्हणजे कुठल्या घरी?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर इथे कोण राहणार आहे?"

"तू."

"म्हणजे बादल्या तुम्ही घेतल्या आणि पंचवीस हजार माझे गेले. असंच ना, भाऊजी?"

या प्रश्नाला लेखाशास्त्रात उत्तर आहे. ते मी दिलं नाही.

"पेन्शन निम्मं होणार," त्या म्हणाल्या, "तेही कागद फिरून आल्यावर. घरात साठवलेलं काही नाही. का नाही, ते यांना विचारा. ज्यांची वर्गणी थकली त्यांची कोण भरत होतं? मला काय कळत नव्हतं? कळत होतं. म्हटलं, भरू देत, एक दिवस तेच पाकीट माझ्याकडे येणार आहे. तेहतीस बायकांना दिलंत. चौतिसावी मी नको?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. पान सहावर."

त्या आत गेल्या. शिल्लकभाऊंनी हलक्या आवाजात मला विचारलं, "राजीनामा मागे घेता येतो का हो?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "नाही, घ्यायचा नाही. तूट पुन्हा पंचवीसनं वाढेल."

वार्षिक सभा पंधरा दिवसांनी त्याच खोलीत भरली. तिघं आजारी, बाकी पंधराजण आले होते. कॅप्टनसाहेब त्र्याऐंशीचे, काठी टेकत, पण कोट कडक इस्त्रीचा. मी तुटीचा शेरा वाचला; वर्षभराची वर्गणी आणि व्याज भाड्यात गेलं होतं, निधी होता तेवढाच होता. स्वयंपाक्यानं बोटांवर मोजून विचारलं, "अठराच कसे? आपण तर एकोणीस." मग शिल्लकभाऊंना उभं राहून सांगावं लागलं.

कॅप्टनसाहेबांचे डोळे भरून आले. ते उठले आणि बोलू लागले. त्यांच्या भाषणात त्याग होता, कर्तव्य होतं, एकदा चुकून एक खिंडही आली. शेवटी काठी जमिनीवर आपटून ते म्हणाले, "माझा खजिनदार मंडळासाठी स्वतःला कमी करतो आणि मी अध्यक्ष म्हणून मागे राहू? मीही राजीनामा देतो!"

झालं. त्यांच्यामागे वायरलेसवाला उठला, "मीही." मग एक माजी ड्रायव्हर. हुद्द्याच्या क्रमानं एकेकजण उभा राहत गेला. स्वयंपाकी सगळ्यात शेवटी, खुर्चीच्या हाताला धरून. दोन मिनिटांत एकही सभासद उरला नाही. आजारी तिघांच्या वतीनं वायरलेसवाल्यानं कळवलं. निधी तीन लाख चार हजार, देणं शून्य, तूट शून्य. अडतीस वर्षांच्या व्यवसायात इतका निरोगी ताळेबंद मी पाहिला नव्हता. कॅप्टनसाहेबांना तर तो प्रश्न सुटल्यासारखाच वाटत होता. ते खाली बसून डोळे पुसत होते.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, पण कप वाटले नाहीत.

"झालं का सगळ्यांचं?" त्या म्हणाल्या. "मग मी बोलते."

"वहिनी," कॅप्टनसाहेब मऊपणे म्हणाले, "सभेत फक्त सभासदांना बोलता येतं."

"सभासद आहे कोण आता इथे? आणि सभा माझ्या घरात आहे, साहेब. इथे कोणी बोलायचं ते मी ठरवते. भाऊजी, पैसे किती आहेत म्हणालात?"

"तीन लाख चार हजार."

"माणसं एकोणीस. भागा."

मी भागलं. "सोळा हजार."

"मग सोळा द्या."

सव्वीस वर्षं मी ते हिशेब पाहत होतो, आणि मीही नियम क्रमांक नऊमधला आकडा बदलता येतो असा विचार कधी केला नव्हता. तूट किती हे मी अचूक सांगितलं होतं. पण ती काढायची असेल तर देणं कमी करा, एवढं साधं वाक्य माझ्या शेऱ्यात नव्हतं. या माणसांना आकडा कमी करण्यापेक्षा माणूस कमी करणं सोपं वाटलं, आणि ते मला चमत्कारिक वाटलं नाही.

"नियम क्रमांक नऊ मी स्वतः लिहिला आहे," कॅप्टनसाहेब म्हणाले.

"मग खोडायला दुसरं कोणी शोधावं लागणार नाही."

शिल्लकभाऊ भिंतीशी उभे होते. "हे बरोबर नाही," ते म्हणाले. "आधीच्यांना पंचवीस मिळाले. यांना मी घरोघर फिरून जगवलं. यांनी तळलेलं सोडलं, सिगारेट सोडली. आणि जे जास्त जगले त्यांनाच कमी?"

स्वयंपाकी खुर्चीत मागे रेलला. "जगवलंस ना भाऊ? तेवढं पुरे की. वरचे नऊ हजार आम्ही जगून खाल्ले असं लिही."

वायरलेसवाला हसला, मग ड्रायव्हर हसला, आणि सोळा हजारांचा ठराव हसत हसत मंजूर झाला. कॅप्टनसाहेबांनी हात वर केला तो सगळ्यांत शेवटी, आणि नाराजीनं, पण केला.

राहता राहिला राजीनाम्यांचा घोळ. तोंडी दिलेले राजीनामे तोंडीच राहतात, असं मी सांगितलं आणि अठराजण पुन्हा सभासद झाले. अडकले एकटे शिल्लकभाऊ. त्यांचा राजीनामा लेखी, आवक क्रमांक घातलेला आणि कार्यकारिणीनं मंजूर केलेला. कॅप्टनसाहेबांनी न वाचता सही केली होती. ते सगळ्याच कागदांवर तशीच करत. नव्यानं सभासद व्हायचं तर वयाची अट साठ. ही अट शिल्लकभाऊंनीच निधी वाचवण्यासाठी घातली होती. ते शहात्तरचे होते.

"मग मी चौतिसावी नाहीच," वहिनी म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

"कार्यकारिणीच्या त्या सभेला किती हजर होते?" मी विचारलं.

"पाच," शिल्लकभाऊ म्हणाले. "जिना होता ना."

"गणसंख्या सात आहे. म्हणजे मंजुरी रद्द."

"सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा भरवली की गणसंख्या लागत नाही," ते ताबडतोब म्हणाले. "नियम चौदा." स्वतःच्या विरुद्ध इतक्या तत्परतेनं वाद घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"मग इतिवृत्तात तहकुबीची वेळ लिहिलेली हवी. आहे?"

त्यांनी कपाटातून इतिवृत्ताची वही काढली आणि पान उघडलं. उभ्यानंच वाचलं. मग चष्मा वर करून पुन्हा वाचलं. वही माझ्याकडे न देता त्यांनी ती वहिनींच्या समोर धरली.

"वेळ लिहायची राहिली," ते म्हणाले.

"राहिली का?" वहिनी म्हणाल्या. "बरं झालं." आणि त्यांनी कप वाटायला सुरुवात केली. चहा निवला होता. कोणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्लकभाऊ माझ्या दारात हजर. पंचवीस हजारांचा शब्द प्रत्येक घरी तोंडी दिला होता, तेव्हा सोळा हजारांचाही तोंडीच द्यायला हवा, आणि साक्षीला कोणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. हातात एकोणीस घरांची यादी. आम्ही दोन दिवस पायी फिरलो. प्रत्येक दारात ते ताठ उभे राहून तेच वाक्य म्हणत, की मंडळाच्या ठरावानुसार रक्कम आता सोळा हजार राहील. बायकांपैकी कोणी वाद घातला नाही. स्वयंपाक्याची बायको म्हणाली, "सोळा चालतील. पण चोवीस तासांत ना?" दारोदार हाच प्रश्न, आणि शिल्लकभाऊ दर वेळी म्हणत, "चोवीस तासांत." अठराव्या घरापर्यंत त्यांचा आवाज बसला होता.

यादीत एकोणिसावं घर त्यांचंच होतं. मला वाटलं, आता आत जातील. त्यांनी बेल वाजवली आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

वहिनींनी दार उघडलं. हाताला पीठ होतं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंडळाच्या ठरावानुसार," शिल्लकभाऊ म्हणाले, "रक्कम आता सोळा हजार राहील."

वहिनींनी पदराला हात पुसले आणि वाक्य पुरतं ऐकून घेतलं, जसं बाकीच्या अठराजणींनी घेतलं होतं.

"चोवीस तासांत?"

"चोवीस तासांत."

"आणि इथे आणून कोण देणार?"

शिल्लकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे, बँकेत दुसरी सही त्यांची, पाकीट घेऊन जाणारेही तेच. सव्वीस वर्षांत हा मुद्दा माझ्या कुठल्याच शेऱ्यात आला नव्हता. त्यांनी खिशातून लहान डायरी काढली, लाल पेनाचं टोपण उघडलं आणि दारात उभ्या उभ्याच लिहून घेतलं.

"पुढच्या सभेत पहिला विषय," ते म्हणाले.

"सभा कधी?"

"मंगळवारी. बीपी झाल्यावर."

"लवकर घ्या," वहिनी म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या. "लिहून झालं असेल तर पाय पुसून आत या. भाऊजी, तुम्हीही या."